सरांच्या डिझेल गाडीला सायकलची घंटा

गाडी लिफ्टवर चढवलेली होती आणि आग्नेल सर तिच्याखाली उभे राहून वर, तिच्या पोटाकडे बघत होते. सगळी नोकरी मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेला माणूस. इथेही कुठे लाल रेघ मारायची राहिली आहे का, असंच बघत होते.

"परब, स्पष्ट सांगा. वाचेल का?"

"सर, गाडी आहे. आयसीयूतला पेशंट नाही."

"एल्रॉयच्या मते तेच आहे."

एल्रॉय म्हणजे सरांचा मुलगा. तो शेजारीच उभा होता, एक डोळा मोबाइलवर ठेवून. वसई स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये राहतो, नोकरी अंधेरीला. सर राहतात निर्मळला, वाडीतल्या जुन्या घरात, केळी आणि फुलझाडांच्या मधोमध. माझं गॅरेज पापडीला. त्याआधी मी एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टाय लावून बरीच वर्षं काढली. टाय सुटला, पोट सुटलं आणि स्वतःचं गॅरेज निघालं. क्रम हाच होता असं माझी बायको वैशाली सांगते.

"अंकल," एल्रॉय म्हणाला, "डॅडींची गाडी लिटरला अकरा देते. माझ्या मित्राकडे हेच मॉडेल आहे, एवढंच जुनं. ती अठरा देते."

"मित्र कुठे चालवतो?"

"पुणे हायवेला. पण गाडी ती गाडीच ना! माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे. महिनाअखेरीला गाडी बघायला येणार. तुम्ही पंधरा आणून दाखवा, मी गप्प बसतो. नाहीतर गाडी गेली. डॅडींना रिक्षा आहेच."

सर लिफ्टखालून बाहेर आले. "रिक्षात चार मावश्या बसत नाहीत," एवढंच म्हणाले.

हे मला नंतर नीट कळलं. सरांची गाडी म्हणजे रोजची एक फेरी होती. आजूबाजूच्या आळ्यांमधल्या चार वयस्कर बायकांना दारातून उचलायचं, सकाळच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, चर्चमध्ये न्यायचं आणि परत दारात सोडायचं. फेरी सुरू केली होती एल्रॉयच्या आईने. ती आता नाही. फेरी मात्र चालू आहे. गाडी गेली तर मावश्या घरी बसून मोबाइलवर मिस्सा बघणार आणि सर वाडीत बसून केळीची पानं मोजणार. एल्रॉय वाईट मुलगा नव्हे. वडिलांचं वय, जुनी गाडी, अरुंद रस्ते, त्यातून आलेली काळजी होती ती. पण काळजी वाटते असं बापाला सांगता येत नाही, अ‍ॅव्हरेज वाईट आहे असं सांगता येतं.

मी म्हटलं, "पंधरा ना? आणतो."

माझ्या तोंडाला हँडब्रेक नाही, हे वैशालीचं जुनं निदान आहे.

आता अ‍ॅव्हरेज काढतात कसं, ते सांगतो. डॅशबोर्डवरचा आकडा मी मानत नाही, तो आपल्याला खूश ठेवायला बसवलेला असतो. टाकी गच्च भरायची. गाडी रोजच्यासारखी चालवायची. मग त्याच पंपावर पुन्हा गच्च भरायची. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल मावलं, तेवढं मधल्या काळात जळलं. चाललेल्या किलोमीटरला त्याने भागायचं. एवढं साधं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

कामाला लागलो. मागचं चाक हाताने फिरवून बघितलं. लिफ्टवर असताना चाक बोटाने ढकललं तरी फिरायला पाहिजे. हे फिरताना कण्हत होतं. हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेल्या अवस्थेतच अडकली होती. आमच्याकडे खारी हवा फार, लोखंडाला ती सोडत नाही. म्हणजे सर कितीतरी महिने थोडासा ब्रेक लावूनच गाडी चालवत होते. पायात कोणी लोंबकळत असताना चालावं तसं. केबल बदलली, ब्रेकचे ड्रम साफ केले.

एअर फिल्टर काढला. हे इंजिनाचं नाक. त्यात धूळ होती, सुकलेली पानं होती आणि एका कोपऱ्यात उंदराने सुरू केलेलं आणि अर्धवट सोडलेलं बांधकाम होतं. बदलला.

मग थर्मोस्टॅट. ही इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची एक छोटी झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता आतच फिरतं आणि इंजिन पटकन तापतं. सरांची झडप उघडीच अडकली होती. इंजिन लवकर तापतच नव्हतं. आणि गार इंजिन जास्त डिझेल मागतं. नवीन बसवला. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासून आणले, ते बरे निघाले. टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली.

शेवटी डिकी उघडली. पाच घडीच्या खुर्च्या, फुलांच्या दोन बादल्या, छत्र्यांचा एक भारा, नारळांचं पोतं आणि एक मोठा काळा दगड.

"सर, दगड?"

"चढावर चाकाखाली ठेवायला."

"निर्मळमध्ये चढ कुठे आहे?"

सर विचारात पडले. "दगड आधीपासूनच गाडीत आहे," ते म्हणाले. जणू काही कंपनीनेच दिला होता.

खुर्च्या, पोतं आणि दगड उतरवले. एवढं झाल्यावर माझ्यातला कारागीर जरा फुलला. गाडी चालू केली की सगळी थडथडत होती. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसलेलं असतं, त्यांना माउंटिंग म्हणतात. त्या चपट्या झाल्या होत्या. अ‍ॅव्हरेजशी त्यांचा काही संबंध नाही. पण सरांना भेट म्हणून मी त्या बदलल्या, माझ्यातर्फे. बॉनेटखालचं फाटलेलं पॅडिंगही नवीन लावलं. गाडी अशी शांत झाली की चालू आहे की बंद, हे मलाच वाकून बघावं लागलं.

मग टाकी गच्च भरून मी हायवेला लागलो. चांदीपपर्यंत गेलो, वळलो, परत आलो, पुन्हा टाकी भरली. अठराच्या जरा वर. मी पंपावरूनच एल्रॉयला फोन केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "अठरा," म्हटलं, आणि विषय बदलला. अशा वेळी विषय बदलायचा असतो.

सर गाडी घेऊन गेले. जाताना केळ्यांचा अख्खा फणा देऊन गेले. घरी मी तीन दिवस माणसांना केळी आणि तीच गोष्ट वाटत होतो.

पुढच्या आठवड्यात एल्रॉयचा फोन आला.

"अंकल, पंपावर डॅडींसोबत मी स्वतः उभा होतो. दहा."

"दहा काय?"

"अ‍ॅव्हरेज. आधी अकरा होतं. तुम्ही रिपेअर केल्यावर दहा झालंय."

मी म्हटलं, "टाकी गच्च भरली नसेल."

"बाहेर सांडलं, अंकल."

सर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले. मी लॅपटॉप जोडला. आजकाल स्कॅनर असतो, तो इंजिनातल्या कॉम्प्युटरशी बोलतो. कॉम्प्युटर म्हणाला, मी मजेत आहे. पुन्हा लिफ्टवर घेतली. चाकं बोटाने फिरत होती. डिझेलची गळती नाही, धूर नाही. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उगाच इकडेतिकडे टॉर्च मारत राहिलो. काही सुचत नसलं की आम्ही टॉर्च मारतो. डॉक्टर लोक जीभ बघतात तसं.

सर स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "परब, तुमचा दोष नाही. विद्यार्थी कधीकधी तुमच्यासमोर बरोबर उत्तर देतो आणि परीक्षेत लिहीत नाही."

हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाले होते. मला अजिबात बरं वाटलं नाही. गिऱ्हाईक यायला थोडेच दिवस उरले होते.

घरी जेवताना वैशालीने वाढता वाढता विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपला गुळाचा डबा महिन्याच्या आधी का संपतो, हे डबा तपासून कळतं का?"

"डब्याचा काय संबंध?"

"डब्याला भोक नाही. झाकण घट्ट बसतं. मग कोण कधी डब्यात हात घालतं, ते बघावं लागतं ना?" आणि तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांना तेव्हा गुळाचा वास येत होता, पण मुद्दा पोचला. गाडी मी चालवून बघितली होती. सर चालवताना बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्मळला सरांच्या दारात हजर. पुढच्या सीटवर बसलो. सर पांढरा शर्ट घालून, केस विंचरून तयार.

सर गाडी फार छान चालवतात. हलका पाय, वेळेवर गिअर. मला एकही लाल रेघ मारता आली नाही. पहिल्या फाटकापाशी आलो. सरांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, एसी वाढवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. इंजिन चालू.

"कोण येतंय?"

"फिलूमावशी."

कोणीच येईना. केळीच्या पानांआडून घराचा व्हरांडा दिसत होता. दार उघडं होतं. आत कुठेतरी भांडं वाजलं.

"हॉर्न मारू का, सर?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पाचवीत गेलो. "आमच्यात दारात उभं राहून हॉर्न मारत नाहीत. एल्रॉयच्या आईला चालायचं नाही. ती म्हणायची, हॉर्नने गुरं बाजूला करायची असतात, माणसं बोलवायची नसतात."

"मग फोन?"

"फोन वाजला की मावशी फोन शोधायला आत जाते. फोन सापडतो, तर चष्मा हरवतो. त्यापेक्षा इंजिन बरं. मावशीला कमी ऐकू येतं, पण ह्या गाडीची थडथड तिला खुर्चीत बसल्या बसल्या जाणवते. लगेच उठते." सर थांबले. "म्हणजे, उठायची. हल्ली काय झालंय कोण जाणे. फार वेळ लावतात सगळ्याच. मला मधूनमधून अ‍ॅक्सिलेटर मारावा लागतो."

आणि त्यांनी तो मारला. माझ्या नव्या माउंटिंगवर बसलेलं इंजिन अगदी सभ्यपणे गुणगुणलं. केळीचं पानसुद्धा हललं नाही.

मी डोक्याला हात लावला.

ती थडथड म्हणजे सरांची दारावरची बेल होती. आणि ती बेल मी काढून टाकली होती, वर भेट म्हणून! आधी प्रत्येक फाटकापाशी जरा वेळ गाडी चालू राहायची, त्यात अकरा येत होते. आता तिप्पट वेळ चालू राहत होती, तेही एसी लावून, कारण मावश्यांना गार गाडी आवडते. उभी गाडी किलोमीटर शून्य करते, पण डिझेल पितच राहते. ब्रेक, फिल्टर, थर्मोस्टॅट यांनी जे वाचवलं, ते सगळं फाटकांपाशी जळत होतं.

फिलूमावशी एकदाच्या आल्या. मला बघून त्यांच्या घरच्या बोलीत सरांना बरंच काही म्हणाल्या. सरांनी मला सांगितलं, "मावशी विचारते, हे कोण?" एवढं लांबलचक वाक्य त्या दोन शब्दांत कसं मावलं, ते मी विचारलं नाही.

चर्चच्या आवारात मावश्या आत गेल्यावर मी सरांना सगळं समजावलं. सर म्हणाले, "पण डिझेल गाडी सारखी बंद-चालू करू नये ना? सुरू होताना मोठा घोट घेते."

"सर, ते जुन्या गाड्यांचं. आणि तेव्हाही घोट कमी, बोभाटा जास्त. गरम इंजिन चटकन सुरू होतं. मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद."

"टर्बोला दम खाऊ द्यावा म्हणतात."

"हायवेवरून पळवत आणली तर द्यावा. आळीतून बैलगाडीच्या चालीने आल्यावर टर्बोला कसला दम लागलाय?"

सर हसले. "बरं, बंद करतो. पण मग त्यांना कळणार कसं? जुने रबर परत घालता का?"

ही माझ्या धंद्यातली सर्वात अपमानास्पद सूचना होती आणि मी तिच्यावर दोन मिनिटं गंभीरपणे विचार केला. मग मला माझ्या मुलीची जुनी सायकल आठवली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पडून होती. संध्याकाळी तिची घंटा काढली आणि सरांच्या गाडीच्या आरशाच्या दांड्यावर क्लॅम्पने घट्ट बसवली. खिडकीतून हात बाहेर काढला की वाजवता येते. घंटा म्हणजे हॉर्न नव्हे. सरांनी ती दोनदा वाजवून बघितली आणि म्हणाले, "एल्रॉयच्या आईला हे चाललं असतं."

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा सोबत. पहिलं फाटक. सरांनी इंजिन बंद केलं, हात बाहेर काढला. ट्रिंग ट्रिंग.

फिलूमावशी एवढ्या झटकन बाहेर आल्या की मी घड्याळ बघायला विसरलो. शेजारच्या घरातली सून आली. समोरच्या घरातले आजोबा आले. सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या.

फिलूमावशींनी पिशवी खिडकीतून आत सरकवली. "सहा दे. कडक नको."

सर म्हणाले, "मावशी, मी आग्नेल."

मावशींनी गाडीत डोकावून बघितलं. "पाव कुठाय?"

मला हे सुचायला हवं होतं. निर्मळच्या आळ्यांमध्ये सकाळी सायकलची घंटा वाजते ती एकाच माणसाची, पाववाल्याची. मिस्साला उशीर झाला तरी फादर रागावत नाहीत, पण पाववाला पुढे गेला की दिवसभर चहाबरोबर काही नाही. कमी ऐकणाऱ्या मावशींनाही ती घंटा बरोबर ऐकू येते. त्यांचं ऐकणं निवडक होतं.

तेवढ्यात मागून खरी घंटा वाजली. कॅरिअरला भली मोठी टोपली बांधलेला पाववाला गाडीशेजारी येऊन थांबला, आरशाच्या दांड्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, पेन्शन कमी पडतं का?"

आळी हसली. सर आधी लाल झाले, मग तेही हसले. फिलूमावशी हसल्या नाहीत. त्यांनी पाव मोजून घेतले, पिशवी आत ठेवून आल्या, दार ओढून घेतलं आणि गाडीत बसल्या. म्हणाल्या, "चल, आता कशाला थांबलायस?"

म्हणजे मावशी तयारच होत्या. रोजच तयार असायच्या. आतल्या खुर्चीत बसून कुठल्यातरी आवाजाची वाट बघायच्या, एवढंच.

पुढचं सरांनीच ठरवलं. मास्तर माणूस, टाइमटेबल करण्यात हात कोण धरणार? पाववाल्याशी बोलले. तो रोज त्याच क्रमाने जातो, सर उलट्या क्रमाने जायचे. आता सर त्याच्या क्रमाने जातात, तो पुढे आणि सर जरा अंतर ठेवून मागे. मावश्या पावासाठी फाटकापर्यंत येतातच. पाव आत ठेवून दार लावतात, तोवर गाडी दारात. वाट बघणं नाही, एसीत इंजिन गुणगुणणं नाही. घंटा आरशाला लागलेली आहे, पण वाजवायची नाही, असा पाववाल्याशी करार झाला आहे. अपवाद फक्त त्याच्या सुट्टीच्या दिवसाचा.

महिनाअखेर आली. एल्रॉय पंपावर आला. गिऱ्हाईकाला त्याने मागाहून घरी यायला सांगितलं होतं. टाकी भरली. त्याने मोबाइलवर भागाकार केला. मग पुन्हा केला. सर दुसरीकडे बघत उभे होते, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे.

"पंधराला जरा कमी," एल्रॉय म्हणाला.

एवढ्याशा गल्लीतल्या फेऱ्यांत हायवेसारखे अठरा कधीच येणार नव्हते, हे मला माहीत होतं. छोट्या पल्ल्यात इंजिन पुरतं तापायच्या आत चर्च येतं. पण पंधराचा शब्द मी देऊन बसलो होतो.

"जरा म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

"चौदा पॉइंट आठ."

सर वळले. "आम्ही पेपर तपासायचो, तेव्हा एवढ्यासाठी मुलाला नापास करत नव्हतो. ग्रेस देत होतो."

एल्रॉयने बापाकडे बघितलं. मग आरशावरच्या घंटेकडे. त्याने हात पुढे केला आणि एकदा ट्रिंग केलं. पंपावरचा माणूस दचकला.

"ही मम्मीला आवडली असती," तो म्हणाला. फोन काढला आणि गिऱ्हाईकाला सांगितलं, "सॉरी, गाडी विकायची नाही. हो हो, अ‍ॅव्हरेज चांगलं आहे, म्हणूनच."

तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये जुनी डिझेल गाडी अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन आली की ब्रेक, फिल्टर, थर्मोस्टॅट, हवा, सगळं बघतोच. ते बघायलाच हवं. पण स्कॅनर लावायच्या आधी एक प्रश्न विचारतो, "रोज कोणाची वाट बघत उभे राहता?" लोक आधी विचित्र नजरेने बघतात. मग उत्तर देतात, आणि ते उत्तर बहुतेक वेळा कामाचं निघतं. आणि माउंटिंग मी आता विचारल्याशिवाय बदलत नाही. भेट म्हणून तर नाहीच.

राहता राहिली आमची स्वतःची गाडी. तीही जुनी, तीही डिझेल, आणि हल्ली तिचं अ‍ॅव्हरेज पडलंय. वैशाली रविवारी बाजाराला जायला खाली गाडी चालू करून बसते आणि मी वर चौथ्या मजल्यावर, आमच्या घरात, चष्मा शोधत असतो. मी तिला म्हटलं, गाडी एकदा लिफ्टवर घेऊन बघतो. ती म्हणाली, जरूर बघ, पण तपासणी चौथ्या मजल्यापासून सुरू कर.